गाडी ठोकल्यावरचा सर्व्हे : गोव्यातल्या क्लेम-सेवेचे परीक्षण

कारचा विमा विकताना कंपनी अ‍ॅप दाखवते: फोटो काढा, पाठवा, पैसे खात्यात. क्लेमचा आकडा खरा ठरतो तो वर्कशॉपमध्ये बंपर उतरवतात त्या तासाभरात, आणि त्या तासाला गाडीचा मालक बहुधा घरी असतो. म्हणून गोव्यातल्या या सेवेला गुण देताना अ‍ॅपला थोडे आणि त्या तासाला जास्त वजन दिले आहे. एकूण पाचपैकी तीन. हे गुण कुठल्या एका कंपनीचे नाहीत. सरकारी असो की खासगी, सर्व्हेची, म्हणजे नुकसानीच्या तपासणीची, साखळी सगळ्यांची एकाच घडणीची असते आणि तुटतेही त्याच त्या कड्यांवर.

पहिली कडी पक्की आहे. पॉलिसीवरच्या टोल-फ्री नंबरावर किंवा अ‍ॅपवर इंटिमेशन (अपघाताची खबर) दिले की क्लेम नंबर मिळतो. २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने मुदती आवळल्या: क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट यायचा, रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. हा सगळा हिशेब इंटिमेशनच्या तारखेपासून चालतो, म्हणून क्लेम नंबराचा मेसेज पुसू नका. वर्कशॉपचा अ‍ॅडव्हायजर "आम्ही कळवतो, तुम्ही निवांत असा" म्हणतो आणि गाडी बेवर, म्हणजे दुरुस्तीच्या जागेवर, चढेपर्यंत कळवतच नाही. इंटिमेशन स्वतः द्यावे. उशीर झालाच, तर केवळ उशीर या एका कारणावर खरा क्लेम फेटाळू नये, असे नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. पीयूसी संपलेली असल्याने क्लेम नाकारता येत नाही, हेही २०२० मध्ये स्पष्ट झाले आहे. काउंटरवर अजून या दोन्ही गोष्टींची भीती घातली जाते.

कोण येतो, हेही माहीत असावे. नुकसान ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखाली कंपनी आपल्याच माणसाकडून अंदाज घेऊ शकते, आणि व्हिडिओ कॉलवर दिसणारा बहुतेक वेळा तोच असतो. ओरखडे, फुटलेला आरसा, एका दाराचा पोचा, फुटलेली मागची लाइट, एवढ्यासाठी व्हिडिओ सर्व्हे उत्तम. दिवसाउजेडी घ्यावा, आधी चारही कोपरे दिसतील अशी पूर्ण गाडी, मग नंबर प्लेट, चासी नंबर, ओडोमीटर आणि शेवटी तीनेक फुटांवरून मार बसलेली जागा. गाडी माडाखाली सावलीत उभी असेल तर पानांची नक्षी बोनेटवर पडते आणि पोचा दिसतच नाही, उघड्यावर आणा. पण मार पुढून बसला असेल, चाक गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा डिव्हायडरवर आदळले असेल, तर व्हिडिओवर समाधान मानू नका. प्रत्यक्ष सर्व्हे हवा, असे लेखी कळवा. कॅमेऱ्याला बंपरच्या आतले दिसत नाही.

प्रत्यक्ष आलेला सर्व्हेअर काय बघतो? आधी तो कागद आणि गाडी यांची सांगड घालतो: आरसी, लायसन्स, पॉलिसी, चासी नंबर. मग मार कुठल्या उंचीवर आहे, दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय का, ओरखडा पुढून मागे गेलाय की मागून पुढे, हे बघतो आणि क्लेम फॉर्ममधल्या हकीकतीशी ताडून पाहतो. "गाय आडवी आली" असे लिहिले आणि फेंडरवर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, तांबडी भुकटी असली, की प्रश्न सुरू. प्रत्यक्षात दोन्ही घडलेले असते, गाय चुकवताना गाडी गडग्याला लागलेली असते, पण फॉर्म अ‍ॅडव्हायजरने भरलेला असतो आणि मालकाने कोऱ्यावर सही केलेली असते. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महाग सही. चार ओळी स्वतःच्या हाताने लिहा: कुठून कुठे जात होता, वेग साधारण किती, आधी काय लागले, मग काय लागले, गाडी कुठे थांबली.

गोव्याची एक खास अडचण गंजाची. रंग उडालेला पत्रा इथल्या दमट, खारट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर, बघता बघता तांबूस होतो. आठवडाभर गाडी उघड्यावर ठेवली आणि मग सर्व्हे झाला, तर सर्व्हेअर त्या जागेपुढे "जुना मार" असा शेरा मारू शकतो. त्याचीही चूक म्हणता येत नाही. जुना पोचा ओळखण्याची त्याची खूणच गंज आणि फटीतली धूळ ही असते. उपाय सोपा आहे. अपघाताच्या दिवशीच, शक्यतो जागेवरच, तारीख-वेळ उमटेल असे फोटो काढायचे, उघड्या पत्र्याचे जवळून दोन काढायचे आणि ते त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर पाठवून ठेवायचे. पत्र्यावर ग्रीस, रंग काहीही फासू नका. झाकायचेच तर प्लास्टिक टाका.

मागच्या दाराचा गणपतीतला ओरखडा आणि पुढचा कालचा मार एकाच क्लेममध्ये घालायचा मोह सगळ्यांना होतो, काही गॅरेजवाले सुचवतातही. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन क्लेम आणि दोन वेळा कंपल्सरी डिडक्टिबल (दर क्लेममागे मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम), असा साधा नियम आहे. पुढचा खरा क्लेमही त्या ओरखड्यामुळे संशयात येतो.

आता तो तास. पुढून मध्यम मार बसलेली हॅचबॅक घ्या. बाहेरून दिसते काय, तर बंपर फाटलाय, एक हेडलॅम्प सैल आहे, बोनेटची कड उचलली आहे. पहिले एस्टिमेट एवढ्याचेच निघते. फिटर बंपरचे क्लिप आणि स्क्रू काढतो, बंपर उतरतो, आणि आतल्या क्रॅश बारला, म्हणजे धक्का झेलणाऱ्या आडव्या दांडीला, मधोमध वाक दिसतो. त्यामागे एसी कंडेन्सर: त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या एका पट्ट्यात चेपलेल्या, आणि तिथे तेलकट ओल असली तर गॅस गेला. रेडिएटर सपोर्टचे कोपरे हाताने हलवून बघायचे. चीर केसाएवढी असते आणि फोटोत येत नाही, म्हणून बोट ठेवून दाखवायची. हेडलॅम्पचे हाउसिंग वरून अखंड दिसते, मागचे तीन कान तपासा. एक तुटला तरी लॅम्प थरथरतो आणि बीम भरकटतो. मग बोनेट आणि फेंडर यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना मोजायची. एकीकडे बोट जाते आणि दुसरीकडे नख जात नाही, तर अ‍ॅप्रन किंवा लाँग मेंबर, म्हणजे पुढच्या चौकटीचा भाग, सरकलाय. तो चौकट सरळ करण्याच्या बेंचवर ओढावा लागतो आणि त्याची मजुरी वेगळी.

या सगळ्याला सप्लिमेंटरी एस्टिमेट म्हणतात. ते काम सुरू होण्याआधी सर्व्हेअरला दाखवून मंजूर करून घ्यावे लागते. नंतर, नवा कंडेन्सर बसवून झाल्यावर "हाही गेला होता" म्हटले तर तो धरला जात नाही, कारण सर्व्हेअरने तो पाहिलेलाच नसतो. वर्कशॉपमध्ये सर्व्हेअर एका फेरीत पाच-सहा गाड्या उरकतो. तुमच्या गाडीचा बंपर त्या वेळी अंगावरच असेल तर दुसरी फेरी कधी, हे कुणी सांगत नाही. म्हणून अ‍ॅडव्हायजरला आदल्या दिवशी विचारायचे: सर्व्हेअर किती वाजता येतो, आणि त्याआधी गाडी उघडून ठेवाल ना? डिसमँटलिंगची परवानगी तुमच्याकडून लेखी लागते, ती देऊन टाका. जमले तर स्वतः उभे राहा. गोव्यातल्या सेवेचे दोन गुण कापले त्यातला दीड इथे गेला.

चाकाला मार असेल तर अलाइनमेंटचा प्रिंट काढून घ्या. कॅम्बर किंवा कॅस्टर (चाकाच्या कलाचे कोन) मर्यादेबाहेर असल्याचा आकडा कागदावर आला की लोअर आर्म किंवा स्ट्रट (चाक धरणारे भाग) वाकल्याचा पुरावा हातात येतो, नाहीतर "डोळ्यांना तर सरळ दिसतोय" यावर वाद थांबतो. बंपर, फेंडर, दार यांत रिपेअर की रिप्लेस यावर सर्व्हेअरशी घासाघीस करायला हरकत नाही आणि बऱ्याचदा त्याचे रिपेअरचे म्हणणे रास्तही असते; कारखान्यातून आलेला पहिला रंग शक्य तितका राखलेला बरा. स्टीअरिंगचे भाग, सस्पेन्शन, सीट बेल्ट, एअरबॅग यांत मात्र तडजोड नको.

पैशांचा हिशेब कळला की निम्मे वाद मिटतात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) कापतात, फायबरग्लासवर ३०, काचेवर काहीही नाही. धातूचे भाग गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचे बिल एकगठ्ठा असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्याच्यावर ५० टक्के, म्हणजे एकूण रंगाच्या बिलावर साडेबारा टक्के. काही एस्टिमेटमध्ये अख्ख्या रंगकामावर ५० टक्के मारलेले असतात. ते चूक आहे, बोट ठेवा.

साडेतीन वर्षांची गाडी समजू, झिरो डेप (घसारा माफ करणारे जादा कव्हर) नाही, आकडे कर धरून आणि सोयीसाठी गोल केलेले. बंपर ६,०००, त्यातले ३,००० मिळतात. हेडलॅम्प ८,०००, आजची लॅम्पची 'काच' पॉलीकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिक, म्हणून ४,०००. फेंडर ४,००० आणि बोनेट ९,०००, धातू, २५ टक्के जाऊन ३,००० आणि ६,७५०. समोरची काच ७,०००, पूर्ण. मजुरी ५,०००, पूर्ण. रंग १२,०००, त्यातले १०,५००. एस्टिमेट ५१,०००, मंजूर ३९,२५०. त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये. शिवाय काढलेल्या भागांची भंगार किंमत म्हणून काही शे. म्हणजे खिशातून जवळपास १३,०००. झिरो डेप असता तर घसाऱ्याचे ११,७५० वाचले असते. पण झिरो डेप म्हणजे सगळे फुकट नव्हे: डिडक्टिबल राहतेच, क्लिप, नट-बोल्ट, कूलंट, एसी गॅस, ऑइल यांना कन्झ्युमेबल्सचे वेगळे अ‍ॅड-ऑन लागते, आणि वर्षाला किती क्लेम, यावर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यापुढे प्लास्टिकचा ५० टक्के दर लागला असेल तर विचारा. गाभा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. साइड मिररची नुसती काच बदलली तर काच, अख्खी असेम्ब्ली घेतली तर प्लास्टिक.

लहान क्लेम करावा का, यावर भावनेने बोलतात, आकड्याने कमी. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते आणि एका क्लेमने शून्यावर येते. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ प्रीमियम १०,००० धरला आणि तुम्ही ५० टक्क्यांवर असाल, तर पुढल्या वर्षी ५,००० जास्त, त्यापुढे ३,०००, मग २,५००, १,५०० आणि ५००. पाच वर्षांत १२,५००. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो म्हणून प्रत्यक्ष तोटा थोडा कमी, पण चार-पाच हजारांच्या बंपरासाठी क्लेम करणे म्हणजे पदरमोड. ५० टक्क्यांवरच्या माणसाने तो खिशातूनच करावा. क्लेमनंतरही ही सूट राखणारे एनसीबी प्रोटेक्ट घेतले असेल तर गणित वेगळे.

इथले काही अपघात शहरातल्या सर्व्हेअरच्या पुस्तकात नसतात. नारळ, उदाहरणार्थ. उभ्या गाडीवर माडावरून नारळ पडला तर तो बाहेरून झालेला अपघातच आहे आणि ओन डॅमेजमध्ये बसतो. नारळ, पोचा आणि वरचा माड एकाच फोटोत घ्या, नारळ उचलून बाजूला ठेवण्याआधी. छपराचा पोचा मात्र जपून हाताळावा लागतो. आतले हेडलायनिंग उतरवून मागून दाब देऊन काढता येतो का, हे आधी बघा, कारण छप्पर कापून नवे बसवायचे ठरले की गाडीची किंमत उतरते.

दुसरे, पाणी. पावसात पाणी तुंबलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि पुन्हा चावी फिरवली, की सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे पुढचे, म्हणजे कॉन्सिक्वेन्शियल नुकसान धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर लागते. सर्व्हेअर एअर फिल्टर ओला आहे का बघतो आणि तुम्ही किती वेळा सेल्फ मारला ते विचारतो. बंद पडली की ढकलून बाजूला, आणि टो. तिसरे, ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी. रंग उडालेला गतिरोधक किंवा रस्त्यात पडलेला चिरा खालून लागला, सम्पला चीर गेली, ऑइलचा लाल दिवा लागला आणि "पर्वरीपर्यंत नेऊया" म्हटले, तर सम्प मिळेल, जॅम झालेले इंजिन नाही. साध्या पॉलिसीत टोइंगचे १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात, पण रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर सत्तरी किंवा काणकोणहून वर्कशॉपपर्यंत ओढत नेण्याचा खर्च त्यातून निघतो. नेण्याचे अंतर किती, हे पॉलिसीत वाचा.

भाड्याचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली रेंट-अ-कॅब वेगळी, तिची पॉलिसी वेगळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने दिली आणि ती ठोकली, तर वापराच्या अटीचा भंग म्हणून क्लेम अडतो. चालवणारा दिल्ली-बंगळूरचा आणि मालक म्हापशाचा, एवढे दिसले की सर्व्हेअर दोघांची ओळख काय, पैसे कसे आले, हे विचारतो; यूपीआयची नोंद मागितली जाते. "मित्र आहे" हे उत्तर टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये भाड्याने दिलेल्या खासगी गाडीच्या अशाच प्रकरणात क्लेम पूर्ण न बुडवता नॉन-स्टँडर्ड पद्धतीने काही भाग द्यायला लावला होता, पण त्या वाटेने जायला वर्षे लागतात.

चूक समोरच्याची असली तरी दुरुस्ती बहुतेक वेळा स्वतःच्या ओन डॅमेजमधूनच करावी लागते. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे घ्यायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख. तरी त्याचा नंबर, लायसन्स आणि पॉलिसीचा फोटो जागेवरच घ्या. पर्यटक दुसऱ्या दिवशी विमानात असतो. कुणाला इजा झाली, किंवा दुसऱ्याची भिंत, खांब, दुकान तुटले, तर पोलिस आणि पंचनामा हवाच. नुसत्या स्वतःच्या गाडीच्या किरकोळ नुकसानीला एफआयआर लागत नाही. अनमोड किंवा चोर्ला घाटात ठोकली तर हद्द बघा: कर्नाटकात झाले असेल तर ठाणेही तिथले, कागद कानडीत येतो आणि त्याच्या भाषांतरासाठी फाइल अडून बसू शकते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. एअरबॅग उघडल्या की हे लवकर होते, कारण त्यांच्याबरोबर डॅशबोर्ड, सेन्सर मॉड्यूल आणि सीट बेल्टही बदलावे लागतात. सर्व्हेअर सांगाड्यासाठी, म्हणजे मोडक्या गाडीसाठी, बोली मागवतो. बोली किती आल्या, कुणाच्या, हे विचारा. एकच बोली असेल तर आणखी मागवायला सांगा. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. सांगाडा विकत घेणाऱ्याच्या हाती कोरे ट्रान्सफर फॉर्म देऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहिली तर ती गाडी पुढे जिथे सापडेल तिथे तुमचे नाव निघेल.

आकडा पटला नाही तर? सर्व्हे रिपोर्टची आणि असेसमेंट शीटची प्रत लेखी मागा. भागागणिक मंजूर-नामंजूर त्यात असते, आणि वाद त्या ओळींवर घालायचा, एकूण रकमेवर नाही. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला ईमेल, सोबत नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल: फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगवेगळा. उरलेला अर्धा गुण कंपन्यांच्या तक्रार कक्षांनी घालवला. पहिले उत्तर ठोकळेबाज येते, ज्यात तुमचा क्लेम नंबर सोडला तर तुमच्या गाडीचे काहीच नसते.

वर्कशॉपमधून गाडी घेताना सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर (काम पटल्याच्या कागदावर) सही मागतात. ती शेवटी. आधी मंजूर यादी हातात घेऊन एकेक भाग बघा: नवा म्हटलेला लॅम्प नवाच आहे ना, जुने काढलेले भाग दाखवतात का, रंगाचा शेड उन्हात जुळतो का. बोनेट-फेंडरची फट पुन्हा दोन्हीकडे बोटाने मोजा. एसी दहा मिनिटे चालवा. पावसाळा असो-नसो, समोरच्या काचेवर आणि हेडलॅम्पवर पाइपने पाणी मारायला सांगा आणि आत बसून काचेच्या कडेला हात फिरवा. सीलंट नीट भरला नसेल तर ओल आधी खालच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या टोकाला लागते. तिथे हात ओला झाला तर सही करू नका, गाडी परत बेवर जाऊ द्या.